बुटकी गाडी, फेरीबोटीचा रॅम्प आणि आपल्याकडचे गतिरोधक

मांजराकाठ:

मी लातूरचा रहिवासी असून काही महिन्यांपूर्वी वापरलेली बीएमडब्ल्यू झेड४ विकत घेतली आहे. गाडी दोन आसनी आहे, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर) २४७० मिलिमीटर आहे आणि नाक उचलण्याची सोय तिच्यात नाही. गाडीत दोन माणसे बसवून गॅरेजच्या सपाट फरशीवर मोजले, तेव्हा पोटाखालची जागा ११५ मिलिमीटर भरली. पुढच्या बंपरची खालची कड जमिनीपासून १२० मिलिमीटरवर आहे आणि ती पुढच्या आसापासून साधारण ८५० मिलिमीटर पुढे येते.

दिवाळीत सौभाग्यवतींसह कोकणात जाण्याचा विचार आहे. लातूर, तुळजापूर, सोलापूर, पंढरपूर, कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर असा जाण्याचा मार्ग ठरवला आहे. तेथून तवसाळहून जयगडला फेरीबोटीने उतरून गणपतीपुळे करावे, परतताना धोपावे ते दाभोळ आणि पुढे वेश्वी ते बागमांडला या खाड्याही बोटीनेच ओलांडाव्यात आणि ताम्हिणी घाटाने पुण्यात यावे, असा बेत आहे. घाटांची मला चिंता नाही. चिंता दोनच गोष्टींची आहे. एक म्हणजे बोटीवर चढता-उतरताना गाडी खाली लागेल का, आणि दुसरी म्हणजे आपल्या गावांमधून बाहेर पडेपर्यंत लागणारे गतिरोधक. 'नेऊ नका' या सल्ल्यापेक्षा 'न्यायची असेल तर कशी' हे सांगणारे प्रतिसाद अधिक उपयोगी पडतील.

गोदातीर:

तवसाळ–जयगड बोट टाळता येते. चिपळूणहून संगमेश्वर आणि निवळीमार्गे गणपतीपुळ्यास रस्त्याने जाता येते. गाडी एवढी बुटकी असताना पाण्यावरची सर्कस कशासाठी?

मांजराकाठ:

हौसेसाठी. हौस नसती तर गाडीही घेतली नसती.

वाळूजकर:

मी व्यवसायाने यंत्र अभियंता असून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो. आपण मापे दिली आहेत, त्यामुळे अंदाजपंचे बोलण्याची गरज उरत नाही. ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे पोटाखालच्या जागेचा, एकच आकडा विचारून लोक निर्णय घेतात, परंतु त्या आकड्याला एकट्याने फारसा अर्थ नसतो. गाडी कोठे लागेल हे तीन कोनांवर ठरते. समोरचा चढ सुरू होताना नाक लागते का हे पहिला कोन सांगतो, उंचवट्यावरून जाताना दोन आसांच्या मधले पोट लागते का हे दुसरा, आणि उतरून सपाटीवर येताना मागची कड लागते का हे तिसरा.

आपल्या गाडीचा पुढचा कोन काढण्यासाठी १२० ला ८५० ने भागावे. त्या गुणोत्तराचा कोन साधारण आठ अंश येतो. टायरच्या गोलाईमुळे त्यात किंचित फरक पडतो, पण कामापुरते हे पुरेसे आहे. मधला कोन काढताना पोटाची उंची व्हीलबेसच्या निम्म्याने भागून येणारा कोन दुप्पट करावा लागतो. ११५ आणि १२३५ या आकड्यांवरून तो साडेदहा अंशांच्या आसपास येतो. म्हणजे आपल्या गाडीचे नाक आठ अंशांत हार मानते आणि पोट साडेदहा अंशांपर्यंत तग धरते.

आता बोटीकडे येऊ. खाडीच्या धक्क्याचा उतार पाण्याकडे जातो आणि बोटीचा लोखंडी रॅम्प त्या उतारावर टेकून वर डेककडे जातो. दोन्ही मिळून खाली खोलगट घडी तयार होते. समजा धक्क्याचा उतार आठास एक आहे, म्हणजे सात अंश, आणि रॅम्प पाच अंशांनी वर गेला आहे. त्या घडीत गाडीला एकूण बारा अंशांचा बदल सोसावा लागतो, आणि आपले नाक तर आठ अंशांवरच थांबते. त्यामुळे बंपर रॅम्पवर घासणार हे उघड आहे. उलट रॅम्प जेथे डेकला मिळतो तेथे बदल फक्त पाच अंशांचा आहे आणि पोटाची मर्यादा साडेदहा आहे, म्हणून तेथे काहीही होणार नाही. बोटीवर धोका नाकाला असतो आणि गतिरोधकावर पोटाला असतो, हा फरक ध्यानात ठेवला की उपायही वेगवेगळे सुचतात.

नाक वाचवण्यासाठी बारा अंशांना ८५० मिलिमीटर अंतरावर सुमारे १८१ मिलिमीटर उंची हवी. आपल्याकडे १२० आहे, म्हणजे ६१ कमी पडतात. पुढच्या चाकांखाली फळी घातली तर मागची चाके आपल्या जागी राहून गाडी त्यांच्यावर कलते आणि नाक आसाच्याही पुढे असल्यामुळे ते फळीच्या जाडीपेक्षा जास्त उचलले जाते. आपल्या मापांत हे प्रमाण सुमारे १.३४ आहे. ५० मिलिमीटर जाडीच्या फळीने नाक ६७ मिलिमीटर वर येईल आणि निभावून जाईल. फळी घडीच्या अलीकडे, रॅम्पच्या लोखंडी कडेला अगदी चिकटवून ठेवायची, म्हणजे नाक रॅम्पवर पोहोचण्याआधीच चाक वर आलेले असेल.

मी धरलेले सात आणि पाच अंश हे उदाहरणापुरते आहेत. धक्क्यावर पोहोचल्यावर फोनमधील पातळी दाखवणारे ॲप उघडून फोन आधी उतारावर आणि मग रॅम्पवर ठेवावा आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करावी. मिनिटाभराचे काम आहे. बेरीज आठच्या आत असेल तर फळी काढूही नये.

मांजराकाठ:

फारच उपयुक्त. फळी कोणत्या लाकडाची असावी आणि ती बोटीवर घसरणार नाही का?

वाळूजकर:

बाभळीची घ्यावी. बैलगाडीची कामे करणाऱ्या सुताराकडे जाड तुकडे मिळतात आणि ते दाबाखाली चिरत नाहीत. रुंदी टायरपेक्षा थोडी जास्त ठेवावी. चाक ज्या बाजूने चढणार ती कड तिरकी रंधून घ्यावी, नाहीतर पाच सेंटीमीटरच्या उभ्या पायरीवर चाक ढकलताना जो झटका द्यावा लागतो, त्यात चाक फळीवर न थांबता पुढे उसळते आणि नेमके तेथेच बंपर जातो. खालच्या बाजूला जुन्या कन्व्हेअर बेल्टचा रबराचा पट्टा खिळ्यांनी ठोकून घ्यावा. साखर कारखान्यांच्या भंगारातून आलेला असा पट्टा बाजारात सहज मिळतो. लोखंडी रॅम्पवर ओले लाकूड साबणासारखे सरकते, रबर मात्र जागा सोडत नाही.

खाडीपलीकडचा:

मूळ गाव गुहागर तालुक्यात, नोकरीनिमित्त अनेक वर्षे नांदेडमध्ये. वाळूजकरांचे गणित बिनचूक आहे. त्याला भरती-ओहोटीची जोड दिली नाही तर मात्र ते अपुरे राहील, म्हणून लिहितो.

धक्क्याचा उतार पाण्याखाली पुष्कळ खोलवर गेलेला असतो. भरतीच्या वेळी बोट त्या उताराच्या वरच्या, कोरड्या आणि बऱ्यापैकी स्वच्छ भागाला लागते. ओहोटी पूर्ण झाली की ती खालच्या भागाला लागते. तो भाग दिवसातून दोनदा पाण्याखाली जात असल्याने शेवाळलेला असतो, काँक्रीट झिजून त्यातली खडी वर आलेली असते आणि कोठे कोठे कडेचे तुकडेही निघालेले असतात. मागच्या चाकांवर चालणारी गाडी त्या हिरव्या थरावर उलट चढताना चाके जागच्या जागी फिरवू लागली की बोटीवरचे सगळे लोक तमाशा पाहायला उभे राहतात.

वेळ काढण्याची आमची जुनी पद्धत सोपी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी फार वर येते आणि फार खालीही जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि तेव्हा दोन्हींतला फरक कमी असतो.

आपण दिवाळीत निघणार आहात, तर लक्ष्मीपूजन अमावास्येचे आणि भाऊबीज द्वितीयेची. अमावास्येला भरती सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास, भाऊबीजेला दीडच्या सुमारास. दोन्ही दिवस उधाणाचे आहेत, त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाणी खूप खाली गेलेले सापडेल. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेतली बोट पकडलीत तर धक्क्याचा चांगला भाग वाट्याला येईल. पर्यटक नेमके उलट करतात. दिवसभर किनाऱ्यावर हिंडून संध्याकाळच्या बोटीला गर्दी करतात.

आता चढण्याविषयी. जंगलजेटीवर, म्हणजे या फेरीबोटीवर, वाहने कोणत्या क्रमाने घ्यायची हे खलाशी ठरवतात आणि ते वजनाच्या हिशेबाने ठरवतात. बोटीच्या पुढच्या भागात एखादा टेम्पो किंवा बस उभी असली की बोटीचे नाक पाण्यात थोडे बसते आणि रॅम्पचा वरचा सांधा खाली येतो, म्हणजे रॅम्पचा चढ कमी होतो. म्हणून 'अवजड गाडी आत गेल्यावर मला घ्या' अशी विनंती करावी. खलाशी ती बहुतेक वेळा मानतात, कारण बुटकी गाडी रॅम्पवर अडकली तर खोळंबा त्यांचाच होतो. उतरतानाची गोष्ट उलटी असते. पुढची अवजड गाडी आधी उतरली की बोट वर येते आणि रॅम्प पुन्हा उभा होतो. तेथे मात्र क्रम आपल्या हातात राहत नाही. त्यामुळे फळ्या उतरतानाही हाताशी ठेवाव्यात आणि त्या रॅम्पच्या खालच्या टोकाला, रॅम्पवरच ठेवाव्यात.

काही बोटींना एकाच बाजूने दार असते. अशा ठिकाणी चढताना किंवा उतरताना गाडी उलट घ्यावी लागते. आपल्या गाडीच्या मागच्या कडेचे मापही घरीच काढून ठेवा. ते पुढच्यापेक्षा चांगले निघाले तर चढतानाच उलट जाणे फायद्याचे, म्हणजे उतरताना समोर बघत, शांतपणे आणि फळ्यांवर नजर ठेवून उतरता येईल.

आणखी एक. खलाशी 'येऊ द्या, येऊ द्या' असे हात करतात ते त्यांच्या सवयीच्या गाड्यांच्या हिशेबाने. त्यांची नजर बाजूच्या अंतरावर असते, बंपरखाली नसते. वहिनींना आधी उतरवून धक्क्यावर गुडघ्याच्या उंचीवर वाकून बंपरची खालची कड पाहायला सांगा आणि फक्त त्यांच्याच खुणेवर चला. त्यांच्या उतरण्याने गाडीचे वजनही हलके होईल.

अजिंठाघाट:

वहिनींच्या उतरण्याने गाडी हलकी होईल हे वाक्य घरी वाचून दाखवू नका.

गोदातीर:

माझा मूळ आक्षेप कायम आहे. मात्र गतिरोधकांबद्दल कोणी लिहिले नाही. बोट दिवसात एकदा लागते, गतिरोधक तासाला कित्येक लागतात. लातूरहून सोलापूर गाठेपर्यंत आतल्या रस्त्याने गेले तर प्रत्येक शाळा, प्रत्येक फाटा आणि प्रत्येक अपघाताच्या जागी एक उंचवटा असतो. मी तिरके जातो आणि ते बहुतेक ठिकाणी चालते. सर्वांनी तेच करावे.

वाळूजकर:

तिरके जाणे हा अर्धा उपाय आहे आणि तो कोठे चालतो हे समजून घेतले पाहिजे.

आधी नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेच्या १९८८ च्या आवृत्तीत गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितला होता आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडायचा होता. या गतिरोधकाची रुंदी आपल्या व्हीलबेसपेक्षा जास्त असल्याने चारही चाके एकाच वेळी त्यावर असतात. दोन आसांच्या मध्ये त्याचा फुगवटा अवघा ४५ मिलिमीटर येतो, म्हणजे पोटाखाली सत्तर मिलिमीटर मोकळे राहतात. त्याच्या कडेचा चढ सहा अंशांच्या आसपास आहे आणि आपल्या नाकाची मर्यादा आठ आहे. कोणतीही फळी नको, तिरके जाणे नको, फक्त चढताना ब्रेकवर पाय नको. ब्रेक दाबला की नाक खाली झुकते आणि ते दोन अंश तेथेच संपतात. वेग आधीच कमी करावा आणि उंचवट्याला चाक लागण्यापूर्वी ब्रेक सोडून द्यावा.

प्रत्यक्षात गावात जे असते ते वेगळेच. डांबराचा किंवा काँक्रीटचा ढीग, सव्वा हात रुंद आणि अर्धा फूट उंच. समजा १५० मिलिमीटर उंच आणि ६०० रुंद. गाडीची पुढची चाके पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडे असतात आणि उंचवटा पोटाखाली येतो. ११५ च्या जागेत १५० मावत नाहीत, एवढे साधे आहे.

आता तिरके जाण्याचा हिशेब. गाडीची दोन चाकांमधली आडवी रुंदी १६०० धरली आणि ४५ अंशांत गेलो, तर पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक उंचवट्याच्या शिरोरेषेपासून दोन्हीकडे साधारण ३१० मिलिमीटरवर येतात. उंचवटा एक मीटर रुंद असेल तर ही दोन्ही चाके त्याच्या उतारावर असतात, गाडीला पन्नास-साठ मिलिमीटर उचलतात आणि पोट सुटते. गोदातीर यांचा अनुभव असा झालेला असणार. पण उंचवटा ६०० रुंद असेल तर दोन्ही चाके त्याच्या अगदी बाहेर, जमिनीवरच राहतात आणि पोट पूर्वीइतकेच लागते. तेथे दोन्ही चाके शिरोरेषेवर आणायची तर जवळपास ५७ अंशांत जावे लागेल, म्हणजे गाडी जवळजवळ रस्त्याला आडवी. वर्दळीच्या रस्त्यावर ते शक्यही नाही आणि योग्यही नाही.

अशा अरुंद उंचवट्यावर एकाच फळीचाही उपयोग नाही. पोट सुटायला पुढची दोन चाके पलीकडे आणि मागची दोन अलीकडे, दोन्ही एकाच वेळी उचललेली हवीत. त्यासाठी दोन-दोन मीटर लांबीच्या चार फळ्या लागतील आणि त्या झेड४ मध्ये ठेवायच्या तर वहिनींना एसटीने पाठवावे लागेल. तेथे गाडी वळवून दुसरा रस्ता धरावा.

गोदातीर:

मान्य. माझ्या वापरातली गाडी हॅचबॅक आहे आणि तिच्या पोटाखाली आपल्यापेक्षा बरीच अधिक जागा आहे, हेही सांगायला हवे होते. त्यामुळे माझ्या तिरके जाण्याचे श्रेय बहुधा तिरकेपणाला नव्हते.

बिंदुसरा:

माझे बीडमध्ये गॅरेज आहे. खाली लागलेल्या गाड्या आमच्याकडे येतात, म्हणून कोठे लागतात हे सांगू शकतो.

बंपरची खालची पट्टी घासणे हे दिसायला वाईट, पण खर्चाने किरकोळ असते. तिच्यामागे इंजिनाखालचे प्लास्टिकचे आच्छादन असते. त्याच्या क्लिप निघाल्या की ते लोंबते आणि पुढच्या गतिरोधकावर अडकून फाटते. म्हणून नाक घासल्याचा आवाज आला तर पुढच्या थांब्यावर वाकून त्या क्लिप पाहाव्यात. खरे दुखणे ऑइल चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचे. चेंबर बहुधा ॲल्युमिनियमचे असते आणि ते वाकत नाही, तडकते. ऑइलचा लाल दिवा लागला किंवा मागे रस्त्यावर ऑइलची रेघ दिसली की त्याच क्षणी इंजिन बंद करावे. 'गॅरेज दोन किलोमीटरवर आहे, तेवढे जाऊ' असे म्हणणारे ग्राहक नंतर चेंबरच्या ऐवजी इंजिनाचे बिल भरतात. शिवाय अशा वेळी पुढे चालवल्यामुळे झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत धरले जात नाही. इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले असेल तरच काही आशा असते, आणि त्याच्याही अटी आधी वाचाव्यात.

आमच्या भागाची दोन वैशिष्ट्ये वाळूजकरांच्या गणितात आली नाहीत. पहिले, गतिरोधकावर अवजड वाहनांच्या चाकांनी दोन खाचा पडलेल्या असतात आणि मधला भाग जसाच्या तसा उंच राहतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की या खाचा आठवडाभरात खोल होतात. लोक चाके त्या खाचेतून नेतात, कारण तेथे उंची कमी दिसते. बुटक्या गाडीने नेमके उलट करावे, कारण खाचेत उतरलेली गाडी मधल्या उंच भागावर पोट टेकवते. एका बाजूची चाके मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची खाचेच्या बाहेर, अशी ठेवावीत. शेतरस्त्याच्या चाकोऱ्यांनाही हाच नियम.

दुसरे, काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर बांधलेला रस्ता सपाट राहत नाही. पुलाचे काँक्रीट जागच्या जागी असते आणि त्याला जोडणारा भराव खचतो, म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांना पायरी तयार होते. नळकांडी पुलांवर ती हमखास सापडते. गतिरोधक तरी लांबून दिसतो, ही पायरी दिसत नाही. वेगात गेलात तर स्प्रिंग दबलेले असताना गाडी खाली बसते आणि स्थिर उभी असताना मोजलेले ११५ मिलिमीटर तेव्हा निम्मेही उरत नाहीत. पुलाचा कठडा दिसला की वेग कमी, एवढी सवय लावून घ्यावी.

टायरविषयीही लिहितो. आपल्या गाडीला १९ इंची चाके आणि पुढे २५५/३५ टायर असतील तर टायरची भिंत ८९ मिलिमीटरची आहे. खड्ड्याच्या कडेवर ती चेपून रिम वाकते किंवा भिंतीवर फुगा येतो. याच गाडीला १८ इंची चाकांवर २५५/४० बसतो. बाहेरचा व्यास तेवढाच राहतो, म्हणजे वेगमापक चुकत नाही, आणि भिंत १०२ मिलिमीटरची होते. त्याने पोट वर येणार नाही, पण रिम वाचतील. स्प्रिंगखाली चकत्या घालून गाडी उचलून देणारे लोकही आहेत. मी ते करत नाही. त्याने चाकांचे कोन बदलतात, टायर एका बाजूने खातात आणि ज्या वळणासाठी ही गाडी घेतली तेथेच ती बिघडते.

मांजराकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मागच्या कडेचे माप घेतले. जमिनीपासून १६० मिलिमीटर आणि मागच्या आसापासून ८०० मिलिमीटर मागे. वाळूजकरांच्या पद्धतीने कोन अकरा अंशांच्या थोडा वर येतो. म्हणजे एकदारी बोट असेल तर उलट चढणेच बरे, असे दिसते. सुताराकडे दोन फळ्यांचे काम दिले आहे. लातूरहून तुळजापूरपर्यंतचा रस्ता आधी भावाच्या साध्या गाडीतून एकदा पाहून येणार आहे आणि जेथे उंचवटा अरुंद असेल त्याची नोंद करणार आहे. बोटीवर गाडी उभी केल्यानंतर काही विशेष काळजी घ्यावी लागते का?

खाडीपलीकडचा:

हँडब्रेक लावून गाडी पार्कमध्ये ठेवावी. खाडीच्या मध्यावर बोट हलते आणि अशा गाड्यांमध्ये कल ओळखणारा चोरीचा अलार्म असतो. गाडी कुलूप लावून वरच्या कठड्यापाशी उभे राहिलात तर मध्येच भोंगा सुरू होतो आणि बंद करायला खाली यावे लागते. बहुतेक गाड्यांत कलाची जाणीव तात्पुरती बंद करता येते. ते घरीच पुस्तिकेत पाहून ठेवा. छत उघडे ठेवण्याचा मोह होईल, पण वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे तुषार आत येतात आणि कातडी आसनांवर पांढरे डाग पडतात.

मुक्कामाला पोहोचल्यावर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवून घ्या. ओहोटीच्या धक्क्यावरून गेलात तर खारे पाणी चाकांनी उडून आतपर्यंत बसते. वरून पुसलेली गाडी चकचकीत दिसते आणि खाली बोल्ट गंजत असतात.

वाळूजकर:

फळ्या उचलायला विसरू नका. गाडी चढली की सगळ्यांचे लक्ष पुढच्या वाहनाकडे जाते आणि फळ्या धक्क्यावरच राहतात. दोन्ही फळ्यांना दोरीची कडी बांधून तिचे टोक ज्यांच्या खुणेवर आपण चालणार त्यांच्या हातात द्यावे.

मांजराकाठ:

म्हणजे सौभाग्यवतींकडे बंपर, खूण आणि दोरी अशी तीन कामे झाली. विचारून कळवतो.